सोलापुरात बसून ट्राउटसाठी हॅकल फ्लाय बांधायची कशी (गावरान कोंबड्यापासून तीर्थन नदीपर्यंत)

आधीच सांगून टाकतो, ट्राउट सोलापुरात नाही, त्यामुळे हे वाचून कुणी उजनीवर ट्राउट धरायला जाऊ नका. ह्या माशाला थंड पाणी लागतं, वीस अंशाच्या वर गेलं की तो खाणं कमी करतो आणि पंचविशीच्या आसपास जगणंच अवघड होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगावर घेतलं तर चटके बसतात. म्हणजे मासा हिमाचलात नाहीतर काश्मिरात, आणि फ्लाय बांधायची इथं. पण फ्लायला लागणारं बहुतेक सगळं सामान आपल्याच गावात मिळतं, धाग्याचं गाव आहे की आपलं, आणि आसपासच्या खेड्यात गावरान कोंबड्यांना काय तोटा. फक्त कुठलं पीस कशाला चालतं हे कळायला पाहिजे. लोक व्हिडिओत बघून बारीक तरंगणारी फ्लाय गावरान पिसानं बांधायला जातात, ती दुसऱ्या मिनिटाला बुडते, मग म्हणतात आपली पिसं बेकार. पिसं बेकार नाहीत ओ, काम चुकीचं दिलंय त्यांना.

नवीन माणसासाठी थोडक्यात. फ्लाय म्हणजे गळावर धागा, लोकर, पिसं बांधून केलेला खोटा किडा. हॅकल म्हणजे कोंबड्याच्या मानेवरचं नाहीतर पाठीमागच्या बाजूचं लांब निमुळतं पीस, ते गळाच्या दांड्याभोवती गुंडाळलं की त्याचे केस चारी बाजूंनी उभे राहतात. कोंबड्याचं कडक चकचकीत पीस असेल तर ह्या केसांची टोकं पाण्यावर टेकतात आणि पाण्याच्या वरच्या ताणावर फ्लाय उभी राहते, ही ड्राय फ्लाय. कोंबडीचं मऊ पीस असेल तर ते पाणी पितं, बुडतं, आणि प्रवाहात त्याचे केस उघडझाप करतात, किडा पाय हलवतोय असं माशाला वाटतं, ही वेट फ्लाय.

आता पीस हातात धरून बघा. बुडाकडे केस एकमेकांना चिकटलेले, मऊ, मळकट दिसतात, टोकाकडे ते सुटे, कडक आणि चमकणारे होतात. ते चिकटलेलं जाळं पाणी धरून ठेवतं. ड्राय फ्लायला जाळं जितकं कमी तितकं चांगलं, वेटला असलं तर उलट बरंच. पीस हलकंसं वाकवा, केस पंख्यासारखे उघडतील, एक केस खालच्या ओठावर टोचून बघा, टोचला तर कडक, मोडून पडला तर वेटच्या डब्यात. आणि केसाची लांबी गळाच्या टोकापासून दांड्यापर्यंत जे अंतर असतं त्याच्या दीडपट ते दुप्पट पाहिजे. १२ नंबरच्या गळाला ते अंतर पाच मिलिमीटरच्या आतबाहेर असतं, म्हणजे केस सात-आठ ते दहा मिलिमीटर. (गळाचा नंबर वाढला की गळ बारीक होतो, नवीन लोक हमखास उलटं ऑर्डर करतात.)

गावरान कोंबड्याची अडचण इथंच आहे. त्याच्या मानेच्या मधल्या पिसांचे केस लांब असतात, १० नंबरलासुद्धा मोठे पडतात. डोक्याच्या लगेच मागची जी छोटी पिसं असतात त्यातली काही १२ नंबरला बसतात, एका मानेवर फार निघत नाहीत. अमेरिकेत कोलोराडोतल्या व्हायटिंग फार्म्ससारखे लोक पिढ्यानपिढ्या निवड करून फक्त पिसांसाठी कोंबडे वाढवतात, त्यांचं एक पीस वीतभरापेक्षा लांब आणि केस टोकापर्यंत एकसारखे आखूड, एका पिसात तीनचार फ्लाय सहज होतात. ते भारी आहे पण महाग आहे, आणि परदेशातून पक्ष्याची कातडी मागवायची म्हणजे कागदपत्रांची कटकट. माझं मत विचाराल तर १६, १८ नंबरच्या बारीक ड्राय बांधायच्या असतील तरच तिकडं बघा, तेही कुणी येणारा-जाणारा असेल तर. सुरुवात १० आणि १२ नंबरवर करा, आणि अर्ध्याहून जास्त फ्लाय वेट बांधा. हिमाचलच्या नद्या खळाळत्या, दगडगोट्यांच्या, तिथं माशाला फ्लाय निरखून बघायला वेळच नसतो, १२ नंबरची मऊ हॅकलवाली वेट फ्लाय तिथं झकास चालते आणि तिला कोंबडीचं पीस लागतं जे फुकट मिळतं.

पीस आणायचं कुठून? चिकनच्या दुकानातल्या ब्रॉयलरचा काही उपयोग नाही, तो दीड महिन्याचं पिल्लू असतो, पिसं धड भरलेलीच नसतात. गावरान कोंबडा पाहिजे, वर्षाच्या वरचा. गावाकडं कुणाच्या घरी कापणार असतील तर आधी सांगून ठेवा की मान गरम पाण्यात बुडवू नका, मानेची कातडी पिसांसकट काढून द्या. लोक हसतात, हसू द्या. गटारीला कोंबडे भरपूर कापले जातात म्हणून तेव्हा गोळा करावं असं वाटतं, पण त्या दिवसांत पिसं जुनी, झिजलेली, झडायला आलेली असतात. पावसाळा उलटून थंडीत नवी पिसं भरली की मग खरी चमक येते, म्हणजे जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास. रंगाचं म्हणाल तर तांबडा आणि पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा काबरा हे दोन मिळाले की तुमचं बहुतेक भागलं. काळा पाहिजे तर आता कडकनाथ पाळणारे बरेच झालेत.

कातडीची आतली चरबी बोथट सुरीनं खरवडून काढायची, हे काम कंटाळवाणं आहे पण नीट केलं नाही तर महिन्याभरात वास आणि किडे दोन्ही. मग भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवायची, टॉवेलनं टिपायची (टॉवेल सोलापुरात काय कमी आहेत), पुठ्ठ्यावर आतली बाजू वर करून टाचण्या मारायच्या आणि टाकणखार चोळायचा. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. सावलीत आठवडा-दोन आठवडे, आपल्या उन्हाळ्यात त्याच्या आधीच पापडासारखी कडक होते. मग झिपच्या पिशवीत घालून काही दिवस फ्रीजरमध्ये, म्हणजे राहिलेले किडे मरतात. फ्रीजरमध्ये ठेवायच्या आधी घरात सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पिशवी कचऱ्याच्या गाडीत गेलेली असेल. नंतर डांबरगोळीबरोबर डब्यात.

आणि एक गोष्ट स्पष्ट. इंग्रजांच्या जुन्या फ्लायमध्ये राखाडी रानकोंबड्याच्या मानेची पिसं आणि तितराची पिसं भरपूर वापरायचे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ह्या पक्ष्यांची शिकार बंद आहे, तेव्हा कुणी आणून देतो म्हणाला तरी घेऊ नका. तितराऐवजी कोंबडीच्या मानेचं ठिपक्याठिपक्यांचं तपकिरी पीस घ्या, माशाला फरक कळत नाही. मोरपीस मात्र आपोआप गळलेलं असेल तर देशात विकत घ्यायला-द्यायला हरकत नाही, देशाबाहेर न्यायला बंदी आहे. पंढरपुरात यात्रेच्या दिवसांत विकायला असतात, एक घेतलं तर वर्षभर पुरतं, आपल्याला त्याच्या कडेचे हिरवट तांबूस धागेच फक्त लागतात.

बाकी सामान. धागा म्हणाल तर शिलाई मशीनचा नेहमीचा धागा जाड पडतो, त्यानं डोक्याशी गाठोडं होतं. कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीवाल्यांकडे खालच्या बॉबिनला जो बारीक पॉलिस्टर धागा घालतात तो मागा, युनिफॉर्म शिवणाऱ्यांकडे पण असतो, आणि त्यांच्याकडचाच रेयॉनचा केशरी, पिवळा, हिरवा वरचा धागा अंगासाठी घ्या. बांधताना रीळ मधूनमधून उलटं फिरवून पीळ काढला की धागा चपटा बसतो. धाग्याला मधमाशीचं मेण लावा, सरकत नाही. तांब्याची तार सीलिंग फॅन वाइंडिंग करणाऱ्याकडे, ३६ गेज १० आणि १२ नंबरच्या गळाला बरोबर, ३८ त्याच्याहून बारकीला. तुकडे तो असेच देतो. पीस पकडायला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला मगरक्लिप, दातांवर बारीक रबरी नळी चढवायची नाहीतर पिसाची दांडी तुटते. चिकटवायला पारदर्शक नेलपॉलिश. गळ आणि धाग्याचा बॉबिन होल्डर ऑनलाइन घ्या, तिथं जुगाड करू नका, आणि गळ धरायचा व्हाइस सुरुवातीला सोनाराकडं असतो तसला हँड व्हाइस टेबलाला आवळून चालतो.

पहिली वेट फ्लाय बांधू. १२ नंबरचा गळ, आधी पकडीनं त्याचा उलटा काटा दाबून टाका, मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही आणि तुमचं बोटही वाचतं. गळाच्या डोळ्यापासून (लाइन ओवायचं भोक) थोडी जागा सोडून धागा सुरू करा, एकाला एक लागून वेटोळे घेत वळणापर्यंत जा. जाताना तांब्याची तार आणि केशरी रेयॉन दोन्ही दांड्याच्या खालच्या अंगाला धरून बांधत जा. परत पुढं येऊन रेयॉन गुंडाळा, पातळ आणि एकसारखं, अंग जाड करायचा मोह टाळा, नदीतले किडे सडपातळ असतात. त्यावर तार चार-पाच फेऱ्यांत विरळ फिरवा. मग मोरपिसाचा एक धागा घेऊन पुढच्या बाजूला दोनतीन वेढे, हा किड्याचा छातीचा भाग. आता कोंबडीचं पीस, बुडाची कापसासारखी पिसं ओढून टाका, टोकाचे थोडे केस सोडून बाकीचे उलटे चेपा आणि पीस टोकाकडून बांधा. टोकाकडून का, तर तिथं दांडी बारीक आणि मऊ असते, वळवली की चपखल बसते. क्लिपनं धरून दीड फेरा, फार तर दोन. प्रत्येक फेऱ्याला केस ओल्या बोटांनी मागं सारायचे. दोनाच्या वर गेलात तर ती फ्लाय राहत नाही, झाडू होतो. धाग्यानं पकडा, उरलेलं कापा, डोळ्यामागं चार-पाच वेढ्यांची गाठ, नेलपॉलिशचा थेंब सुईच्या टोकानं. डोळा बुजला तर नदीवर थंडीत आखडलेल्या बोटांनी लाइन ओवताना शिव्या द्याल, तेव्हा पॉलिश वाळायच्या आधीच सुई घालून मोकळा करा.

ड्राय फ्लायसाठी अॅडम्स घ्या. ही फ्लाय १९२२ साली मिशिगनमध्ये लेनर्ड हॅलडे यांनी बांधली, चार्ल्स अॅडम्स नावाच्या मित्रासाठी, आणि शंभर वर्षं झाली तरी जगात कुठंही चालते कारण ती कुठल्याच एका किड्यासारखी नाही, सगळ्यांसारखी थोडीथोडी आहे. हिच्यात तांबडं आणि काबरं अशी दोन हॅकल एकत्र गुंडाळतात, आणि हे दोन्ही रंग आपल्या गावरानमध्ये आहेतच. मूळ फ्लायला काबऱ्या पिसांच्या टोकांचे पंख असतात, पहिल्या डझनात ते सोडून द्या, पंखांशिवायही मासा घेतो. करड्या अंगासाठी तिकडे पाणउंदरासारख्या एका प्राण्याची लव वापरतात, आपल्याकडं दख्खनी मेंढीची लोकर आहे, घोंगडीवाल्यांकडून चिमूटभर आणा, न धुतलेली असेल तर आणखी चांगलं कारण तिच्यात नैसर्गिक तेल असतं आणि पाणी धरत नाही. जरा खरखरीत असते, म्हणून कोकराची बघा, आणि कात्रीनं बारीक करून हातानं पिंजा.

१२ नंबरचा बारीक तारेचा गळ. शेपटीला कोंबड्याच्या मानेच्या कडेच्या रुंद पिसातले आठदहा कडक केस, लांबी गळाच्या दांड्याएवढी. फ्लाय मागच्या बाजूनं ह्यावरच टेकते त्यामुळं इथं मऊ केस चालत नाहीत. धाग्याला मेण लावून लोकर विरळ पिळा, इतकी विरळ की धागा नुसता धुरकट दिसला पाहिजे, आणि मागून पुढं अंग गुंडाळा, पण दांड्याच्या साठ टक्क्यांवर थांबा. सगळ्यांची गडबड इथं होते, अंग पुढंपर्यंत नेतात मग हॅकलला जागा उरत नाही आणि डोकं डोळ्यावर चढतं. पुढचा चाळीस टक्के भाग मोकळा आणि गुळगुळीत धाग्याचा ठेवा. आता दोन पिसं, एक तांबडं एक काबरं, केसांची लांबी एकसारखी, बुडाचा जाळीदार भाग पूर्ण काढा, दांडी उघडी करा आणि दोन्ही एकत्र बांधा, चकचकीत बाजू पुढं येईल अशी. बांधल्यावर उघड्या दांडीचा दोन मिलिमीटर तुकडा बाहेर राहिला पाहिजे, म्हणजे पहिला अर्धा फेरा नुसत्या दांडीचा जातो आणि केस तिरके न होता उभे राहतात. आधी एक पीस सहासात फेरे, गळाला काटकोनात, मग दुसरं त्याच्याच फटीतून हलकं डावंउजवं हलवत, म्हणजे पहिल्याचे केस दबत नाहीत. पकडा, कापा, गाठ, पॉलिश.

झाली की टेबलावर टाकून बघा. शेपटीचं टोक आणि हॅकलची टोकं टेकून गळाचं वळण टेबलापासून किंचित वर नाहीतर नुसतं टेकलेलं असलं तर जमली. एका कुशीवर पडत असेल तर केस लांब-आखूड आहेत. कात्रीनं खालून छाटून सारखी करू नका, कापलेली टोकं बोथट असतात, निमुळत्या टोकासारखी पाण्यावर बसत नाहीत. ब्लेडनं सगळं काढून गळ परत वापरा. तरंगायला व्हॅसलिनचा अगदी पुसट हात चालतो. खोबरेल तेल लावू नका, हिमाचलच्या थंडीत ते गोठून फ्लायचा गोळा होतो.

जायच्या आधी सराव इथंच करायचा. साडेआठ-नऊ फुटी रॉड, ४ किंवा ५ नंबरच्या वजनाची लाइन, पुढं निमुळता होत जाणारा नायलॉनचा लीडर, आणि त्याच्या टोकाला फ्लाय बांधायचा बारीक तुकडा म्हणजे टिपेट. गळाच्या नंबरला तीननं भागायचं, येईल तो टिपेटच्या जाडीचा नंबर (एक्स), म्हणजे १२ ला ४ एक्स, १४-१५ ला ५ एक्स. मोकळ्या मैदानावर सकाळी वारा पडलेला असताना फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधून टाकत बसा, पोरं विचारतील काय करतोय बे हा, सांगा काहीतरी. मग उजनीच्या फुगवट्यावर, टेंभुर्णी-करमाळ्याच्या बाजूला, नाहीतर हिप्परग्याच्या तलावावर, मासेमारीचा ठेका ज्यांच्याकडं आहे त्यांना विचारून. चिलापी ही वेट फ्लाय मस्त घेते, तोंड लहान असतं म्हणून १२ नंबरच ठेवा, काठाजवळ टाकून अगदी हळू ओढा. ट्राउटसारखं नाही, पण फ्लाय सरळ पोहते का, हॅकल सुटतं का, गाठ टिकते का हे सगळं इथं कळतं आणि दिल्लीचं तिकीट वाया जात नाही.

ट्राउट हा आपला मूळचा मासा नाही, काश्मिरात १९०० साली स्कॉटलंडहून अंडी आणून तो वाढवला, हिमाचलात त्याच्यानंतर काही वर्षांनी आला. आता तीर्थन, सैंज, बरोटची ऊहल, रोहडूची पब्बर ह्या नद्यांत आहे. आपल्याला तीर्थन सोयीची, सोलापुरातून कर्नाटक एक्स्प्रेसनं दिल्ली, तिथून मनालीच्या बसनं औट, मग बंजार आणि गुशैणी. हिमाचलच्या मत्स्य विभागाचं रोजचं परमिट लागतं, ते आधी काढा, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी अंडी घालायचा काळ म्हणून तिथं ट्राउटला बंदी असते. मार्च-एप्रिल चांगला, मेच्या शेवटाला बर्फाचं पाणी वाढतं, जुलै-ऑगस्टमध्ये नदी गढूळ, मग सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत परत स्वच्छ. दिवाळीच्या सुट्टीत जायचं म्हणणाऱ्यांनी आधी कॅलेंडर बघा, दिवाळी नोव्हेंबरात आली तर गेलात बोंबलत.

नदीवर पहिलं काम म्हणजे थांबून बघायचं. मासा प्रवाहाकडं तोंड करून उभा असतो, मोठ्या दगडाच्या पुढं, मागं, आणि जिथं जोराचं पाणी नि संथ पाणी एकमेकांना घासून जातं त्या रेषेवर, ताकद न लावता खाणं समोर येतं म्हणून. म्हणून ड्राय टाकताना खालच्या बाजूनं जा, प्रवाहाच्या वर फेका आणि फ्लायला पाण्याबरोबर आपली आपण येऊ द्या. लाइन वेगळ्या प्रवाहात अडकून फ्लायला ओढायला लागली की तिच्या मागं व्ही आकाराची रेघ उठते, ती दिसली की मासा घेत नाही. तीर्थनसारख्या खडकाळ नदीत लांब फेकू नका, रॉडचं टोक उंच ठेवून दगडामागच्या शांत तुकड्यात चारपाच मीटरवर टाका, लाइन पाण्याला लागूच द्यायची नाही, दोनतीन सेकंद पुरतात. मासा वर आला की क्षणभर थांबून रॉड उचला, घाई केली तर तोंडातून निघतं.

वेट फ्लायचं तंत्र उलटं आणि सोपं. आडवं, थोडं खालच्या बाजूला फेका, लाइन ताणू द्या आणि फ्लाय कमानीत काठाकडे वळू द्या. कमान संपत आली की रॉड हळू वर घ्या, फ्लाय खालून वर येते, पाण्यातून बाहेर निघणाऱ्या किड्यासारखी, आणि बहुतेक झटके तिथंच बसतात. इथं जोरात ओढायचं नाही, मासा खालच्या बाजूला असतो, स्वतःच वळतो आणि गळ लागतो, तुम्ही फक्त लाइन धरून ठेवा. संध्याकाळी उन्हं डोंगरामागं गेल्यावर काठाच्या उथळ पाण्यात हीच फ्लाय, शेवटचा तासभर.

धरलेला मासा ओल्या हातानं, शक्यतो पाण्यातच. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा चिकट थर जातो आणि मग बुरशी लागते. तोंड प्रवाहाकडं करून धरा, कल्ले नीट चालायला लागले की तो आपला आपण सुटतो. त्या फ्लायवर चिकटा राहतो आणि ती तरंगत नाही, पाण्यात खळबळून रुमालात दाबायची, दोनतीनदा हवेत फटकारून वाळवायची, तरी बुडतच असेल तर टोपीला अडकवून ठेवा आणि दुसरी काढा. रात्री खोलीवर डबा उघडा ठेवून सगळ्या वाळवा, आणि घरी आल्यावर ज्यांचं हॅकल चेपलंय त्या चिमट्यात धरून किटलीच्या वाफेवर काही सेकंद धरा, केस परत उभे राहतात.